गिटारचा पिकअप सिलेक्टर स्विच बदलताय? या चुका टाळा

स्ट्रॅटचा, म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटारचा, सिलेक्टर हलवला की कडकड येते, मधेच एखादा पिकअप (तारांचा कंप पकडणारी कॉइल) गायब होतो आणि आपण लगेच नवीन स्विच मागवून मोकळे होतो. जरा थांबा. बरेचदा स्विच मेलेला नसतोच, आतले कॉन्टॅक्ट काळे पडलेले असतात, मुंबईत किंवा कोकणात एक पावसाळा गिटार केसबाहेर राहिली की एवढं होणारच. आधी कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे मारून लिव्हर भरपूर वेळा इकडून तिकडे करा. घरात बिजागरीला मारायचा तेलकट स्प्रे मात्र नको, तो धूळ धरून बसतो. एवढं करूनही कडकड राहिली, किंवा लिव्हर लुळा पडून खाचेत बसतच नसेल, तर मग बदला.

आता नवीन घेताना. फाइव्ह-वे (पाच जागांचे) स्विच ढोबळमानाने दोन जातीचे, एक बंद डबीसारखा ज्याचे आठही लग (वायर सोल्डर करायच्या पट्ट्या) एका रांगेत असतात, स्वस्त गिटारमध्ये हाच असतो, आणि दुसरा उघड्या सांगाड्याचा, स्प्रिंग दिसते, दोन्ही बाजूला चार-चार लग, म्हणजे सीआरएल किंवा ओक ग्रिग्स्बी कंपन्यांचा अमेरिकन प्रकार. टिकायला दुसरा चांगला यात वाद नाही, पण तो खोल असतो आणि स्वस्त गिटारची बॉडी आतून तेवढी कोरलेली नसते. मग मजा अशी होते की पिकगार्ड (बॉडीवरची पाटी) उघडं असताना सगळं झकास वाजतं आणि स्क्रू आवळले की आवाज बंद. कारण लग जाऊन कॅव्हिटीतल्या (बॉडीच्या खळग्यातल्या) कॉपर फॉइलला टेकतो आणि सिग्नल थेट ग्राउंडला जातो. त्या भिंतीला इन्सुलेशन टेप लावली की काम होतं, पण घेण्याआधी खोली मोजलेली बरी. स्क्रूचंही तेच, अमेरिकन स्विचला ६-३२ चा स्क्रू लागतो, जुने मेट्रिक स्क्रू जबरदस्तीने पिळाल तर आटे जातील. लिव्हरच्या टोकाची जाडीही वेगळी असते, त्यामुळे जुनी प्लॅस्टिकची टोपी बसेलच असं नाही.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते डायग्राममुळे. नेटवरचा डायग्राम काढला, त्यात डावीकडून तिसऱ्या लगवर मिडल पिकअप दाखवलाय म्हणून आपणही तिसऱ्यावर मारला. अहो, तो डायग्राम त्याच्या स्विचचा आहे, तुमच्या नाही! डबीवाल्या स्विचमध्ये लगचा क्रम कंपनीगणिक बदलतो, आणि सांगाड्यावाल्यात दोन कॉमन (सामायिक लग) तिरके समोरासमोरच्या टोकांना असतात, शिवाय चित्र मागून काढलंय की पुढून हे कुणी लिहीत नाही. म्हणून सोल्डरची इस्त्री तापवायच्या आधी मल्टिमीटर बीपवर लावा, लिव्हर पाचही जागांवर फिरवा आणि कुठला लग कुठे बोलतो ते कागदावर उतरवा. जो लग प्रत्येक जागेवर कुणाशी ना कुणाशी बीप देतो तो कॉमन. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या जागेला कॉमन एकाच लगशी बोलेल, दुसऱ्या आणि चौथ्या जागेला शेजारच्या दोघांशी. कारण हा पाचचा स्विच मुळात तीनचाच आहे, १९५४ च्या स्ट्रॅटला तीनच जागा होत्या, लोक लिव्हर मधे अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवायचे, आणि १९७७ मध्ये फेंडरने त्या मधल्या जागांना खाचा देऊन टाकल्या. लग तेच, खाचा वाढल्या. हे डोक्यात बसलं की डायग्राम नसला तरी अडत नाही.

आणि समजा सगळं मारून झालं आणि नेक-ब्रिज (मानेकडचा आणि ब्रिजकडचा पिकअप) उलटे आले, तर वायरी उपटू नका. स्विचचे दोन स्क्रू काढा, १८० अंशात फिरवा, परत बसवा, झालं.

नॉब फिरवून टोनमध्ये काहीच फरक पडत नाही? दोन कॉमनना जोडणारा छोटा जंपर (वायरचा तुकडा) राहिलाय बहुतेक. स्ट्रॅटमध्ये स्विचचा एक पोल (अर्धा भाग) पिकअपचा आणि दुसरा टोनचा, जंपर नसेल तर पिकअपचा आवाज येत राहतो आणि टोनचे नॉब शोभेला. ब्रिज पिकअपला टोन लागत नाही हा मात्र दोष नाही, जुनं वायरिंग तसंच आहे.

हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) असेल तर वायरच्या रंगांवर अजिबात विसंबू नका. सवयीने आपण काळी म्हणजे ग्राउंड धरून चालतो, पण सिमोर डंकनच्या चार वायरींच्या हंबकरमध्ये काळी हॉट (सिग्नलची) असते, लाल-पांढरी एकत्र जोडून टेप करायच्या, हिरवी आणि उघडी तार ग्राउंडला. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी-पांढरी एकत्र, हिरवी ग्राउंडला. एकाचा कोड दुसऱ्याला लावला की गोंधळ ठरलेला. दुसऱ्या-चौथ्या जागेला आवाज एकदम पातळ, नाकातून आल्यासारखा येत असेल तर एक पिकअप आउट ऑफ फेज (दुसऱ्याच्या उलटा जोडलेला) आहे, त्या एकाच्या हॉट आणि ग्राउंड आपसात बदला.

सोल्डरिंगचं काय सांगू, निम्मा त्रास तिथलाच. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत ६०/४० चं रोझिन कोअर सोल्डर सहज मिळतं, तेच घ्या, पत्र्याच्या कामाचं ॲसिड फ्लक्स गिटारजवळही नको. लगला २५ वॅटची इस्त्री पुरते, पण तीच पॉटच्या (नॉबखालच्या पोटेन्शिओमीटरच्या) पाठीवर धरून बसलात तर पाठ तापतच नाही आणि ड्राय सोल्डर (कच्चा जोड) होतं, तिथे ४०-६० वॅट हवी. उलट तीच मोठी इस्त्री डबीवाल्या स्विचच्या लगवर जास्त वेळ टेकवली की आतलं प्लॅस्टिक वितळून लग हलायला लागतो, असा स्विच टाकूनच द्यायचा. फ्लक्स ओघळून कॉन्टॅक्टवर गेला तर कोरा स्विचही पहिल्या दिवसापासून कडकडतो, म्हणून सोल्डर मारताना लगची टोकं खाली येतील असा धरा. आणि बॉडीवर जुना टॉवेल टाका हो, पॉलिशवर पडलेला सोल्डरचा थेंब निघतो पण डाग राहतो.

तारा चढवायच्या आधीच तपासा. जॅकला केबल लावा, व्हॉल्यूम दहावर, दुसऱ्या टोकाच्या प्लगचं टोक आणि दांडा यांच्यात ओहम मोजा. साधा स्ट्रॅट सिंगल कॉइल साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओहम दाखवतो, दुसऱ्या-चौथ्या जागेला त्याच्या निम्मं, म्हणजे तीनच्या आसपास. शून्य आलं तर कुठेतरी शॉर्ट आहे. अडीचशे किलोओहमच्या जवळ आलं तर पिकअप जोडलेलाच नाही, तुम्ही नुसता व्हॉल्यूमचा पॉट मोजताय. आकडे ठीक आले की अँप बारीक ठेवून स्क्रूड्रायव्हरने एकेका पिकअपवर टिचकी मारा, जो चालू तोच टकटक करेल. शेवटी तारा चढवून त्यांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर चांगलं लक्षण आहे, वाढली तर जॅकच्या दोन वायरी उलट्या लागल्यात.

टेलीवाल्यांसाठी (टेलिकास्टर गिटारवाल्यांसाठी) एकच, पण महत्त्वाचं. फोर-वे (चार जागांचा) स्विच टाकून दोन पिकअप सिरीजमध्ये (एकामागोमाग जोडून) घेणार असाल तर नेक पिकअपचं धातूचं कव्हर आधी त्याच्या काळ्या वायरपासून तोडून वेगळ्या वायरने ग्राउंडला न्या. नाही केलंत तर सिरीजच्या जागेवर कव्हर स्वतःच सिग्नलमध्ये येतं आणि बोट लागलं की घूं करतं. गिब्सनच्या लेस पॉल गिटारच्या टॉगलमध्ये एवढी भानगड नाही, तिथे मधले दोन लग एकत्र जोडून आउटपुट, बाहेरचे दोन पिकअपना, आणि ग्राउंडचा लग वेगळा. तिथे एक पिकअप गायब झाला तर नवीन स्विच घ्यायच्या आधी पातळ पट्ट्या एकमेकींना नीट टेकतायत का बघा, वाकल्या असतील तर चिमट्याने हलकेच सरळ करता येतात.