दीडशे शब्द तालुक्याला, दोन हजार आठशे पंधरा जिनिव्हाला

तहसील कचेरीबाहेरच्या लिंबाखाली माझं टेबल आहे. जिल्हा सोलापूर, तालुक्याचं नाव सांगत नाही, उद्या त्याच कचेरीत मला टपाल द्यायला जायचंय. बावीस वर्षं अर्ज लिहितोय. आधी रेमिंग्टन टाइपरायटरवर, आता लॅपटॉपवर. वारसनोंद, फेरफार, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डातलं नाव कमी करणं. यातली सोळा-सतरा वर्षं लिथियमच्या गोळीवर काढली आहेत. मला बायपोलर हा मानसिक आजार आहे. टेबलावरच्या पाटीवर ते लिहिलेलं नाही, पण गावाला ठाऊक आहे. त्यामुळे ज्यांच्या घरात असं कुणी आहे ती माणसं दुपारी गर्दी ओसरली की येतात आणि आधी इकडेतिकडे बघून मग बसतात.

मानसिक आजार किंवा अपंगत्व असलेल्यांच्या हक्कांसाठी काही करायचंय, आणि ते थेट संयुक्त राष्ट्रांपर्यंत जावं असं तुम्हाला वाटत असेल, तर आधी दोनशे पानी वही घ्या. डायरी नको. डायरीत माणूस मनातलं लिहितो. इथे मनातलं नंतर. प्रत्येक नोंदीत एवढंच: तारीख, वेळ, ठिकाण, काय झालं, समोर कोण होतं (नाव माहीत नसेल तर हुद्दा), ते काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत, आणि शेवटी ‘कागद आहे / नाही’. नोंद त्याच दिवशी करा. आठ दिवसांनी आपण नकळत ती सुधारून लिहितो.

याला माझंच उदाहरण आहे. २००९ साली मला एका दवाखान्यात नेलं. तिथे रात्री मनगटं कॉटच्या लोखंडी पट्टीला बांधायचे, सुती पट्टीने, आणि सकाळी सोडायचे. किती रात्री? मी अकरा म्हणतो, भाऊ सात म्हणतो. डिस्चार्जचा कागद दिला नाही, आम्हीही मागितला नाही. दुसऱ्यांचे अर्ज लिहून पोट भरणारा माणूस मी, पण स्वतःसाठी एक ओळ लिहिली नव्हती. पुढे २०२२ मध्ये आमच्या गटाचं म्हणणं संयुक्त राष्ट्रांकडच्या एका अहवालात जायचं होतं. पुण्याहून फोनवर बोलणाऱ्या ताईंनी सगळं ऐकून घेतलं, थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, “दादा, कागद आहे का काही?” नव्हता. शेवटी माझ्या त्या रात्रींची अर्धी ओळ झाली: काही व्यक्ती बांधून ठेवल्याचे सांगतात. त्या ताईंची चूक नव्हती. पण ‘सांगतात’ हा शब्द मला अजून टोचतो.

आज तसं झालं तर हातात कायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ९५: मानसिक आजार असलेल्या माणसाला कोणत्याही प्रकारे साखळदंडात ठेवायचं नाही. इतर प्रकारे बांधण्यावर कलम ९७ च्या अटी आहेत, आणि त्याची कारणांसकट नोंद ठेवावी लागते. कलम २५ प्रमाणे आपल्या उपचारांची मूळ कागदपत्रं मागता येतात. म्हणून दवाखान्यातून बाहेर पडल्यावर पहिला अर्ज कागदपत्रांचा करा, तक्रारीचा नंतर. तक्रार आधी दिली की फायली सापडेनाशा होतात, हा या टेबलावरचा अनुभव आहे.

आता अर्ज. गेल्या पावसाळ्यात एक मावशी आल्या. मुलगा चौतीस वर्षांचा, स्किझोफ्रेनिया, प्रमाणपत्रावर ५५ टक्के. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्चायचा असतो. गावात सायकल मिळाली, कानाचं यंत्र मिळालं, या मुलाचं नाव मात्र यादीतच नाही. ग्रामसेवक म्हणाले, “हात-पाय धड आहेत की त्याचे.” मावशींनी शेजारच्या पोराकडून लिहून आणलेला अर्ज असा होता: ‘माझा मुलगा वेडसर असून मी गरीब विधवा आहे, तरी मेहेरबान साहेबांनी दया करून काहीतरी मदत द्यावी.’

मी तो फाडला नाही. मागच्या बाजूला तारीख टाकून वहीत ठेवला. मग नव्याने लिहिला:

‘विषय: दिव्यांग निधीच्या लाभार्थी यादीत नाव समाविष्ट करणेबाबत. संदर्भ: १) दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ३ व २४. २) संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार, अनुच्छेद ५ व २८. महोदय, माझ्या मुलास मानसिक आजारामुळे ५५ टक्के दिव्यांगत्व असून प्रमाणपत्राची छायाप्रत सोबत जोडली आहे. दि. … रोजी आपल्या कार्यालयात “हात-पाय धड आहेत” असे कारण तोंडी सांगून नाव घेण्यास नकार देण्यात आला. वरील अधिनियमाच्या अनुसूचीत मानसिक आजाराचा समावेश आहे. तरी नाव समाविष्ट करावे. करता येत नसल्यास त्याचे कारण लेखी कळवावे.’

‘वेडसर’ गेलं, ‘दया’ गेली, ‘विधवा’ही गेलं. मावशींना ‘विधवा’ काढल्याचं वाईट वाटलं. “ते वाचून तरी देतील ना बाबा?” मी म्हटलं, तो संजय गांधी निराधारचा वेगळा अर्ज करू, तिथे लिहू. इथे मुलाचा हक्क मागतोय, तुमची परिस्थिती नाही. सगळ्यात कामाचं वाक्य शेवटचं: नाही म्हणायचं तर लेखी म्हणा. आणि सही मुलाची घेतली. त्याला येत होती. वळणदार अक्षर आहे त्याचं. आईने करायची असंच सगळे धरून चालले होते, तोसुद्धा.

आंतरराष्ट्रीय करार ग्रामसेवकाला दाखवून काय उपयोग, असं वकील मंडळी मला हसून विचारतात. उपयोग असा. हा करार संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी मंजूर केला. भारताने १ ऑक्टोबर २००७ ला त्याला अनुसमर्थन दिलं, म्हणजे तो पाळायचं बंधन मान्य केलं. त्यातून २०१६ चा दिव्यांग कायदा आणि २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा आले. दोन्ही कायद्यांच्या अगदी वरच्या परिच्छेदात या कराराचं नाव घेतलेलं आहे. म्हणजे करार कुठे परदेशात पडलेला नाही, आपल्याच कायद्याच्या कपाळावर आहे. मी अर्जात आधी आपलं कलम लिहितो, त्याखाली कराराचं अनुच्छेद. उलट क्रम लावला की साहेब पहिली ओळ वाचून अर्ज बाजूला ठेवतात.

पाठ करायची अनुच्छेदं चार-पाचच आहेत. १२: कायद्यापुढे समान माणूस, आपले निर्णय आपले. १४: आजार आहे म्हणून डांबायचं नाही. १९: वस्तीत, आपल्या माणसांत राहण्याचा हक्क. २८: सामाजिक सुरक्षा. आणि ४(३), जे फार कुणी वापरत नाही: आमच्याबद्दल ठरवताना आम्हाला विचारा. ग्रामसभेत दिव्यांग निधीचा विषय आला की हे शेवटचं काढायचं.

‘दिव्यांग’ लिहावं की ‘अपंग’, यावर माणसं भांडतात. मला स्वतःला ‘दिव्य’ काही वाटत नाही. पण विषयाच्या ओळीत मी ‘दिव्यांग’च लिहितो, कारण क्लार्क शासन निर्णय त्याच शब्दाने शोधतो. खालच्या मजकुरात ज्याचा अर्ज तो म्हणेल तो शब्द.

प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात. मानसिक आजाराची टक्केवारी चार गोष्टींवर काढतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, काम. त्यात आजार किती वर्षांचा हेही धरतात. तपासणीच्या दिवशी घरचे पेशंटला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून नेतात आणि शहाण्यासारखं बोल म्हणून बजावतात. मग टक्के कमी पडतात. खोटं सांगू नका, पण वाईट महिने कसे जातात तेही सांगा. ४० च्या खाली गेलं की बऱ्याच योजना गेल्या.

अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या: आवक क्रमांक, तारीख, सही, शिक्का. “ठेवून जा, बघतो” याला पोच म्हणत नाहीत. घेत नसतील तर पोस्टात जा, पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा; पूर्वीचं रजिस्टर २०२५ मध्ये त्यातच विलीन झालं. महिनाभर वाट बघून माहिती अधिकार. जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि आपल्या महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ‘नाव का घेतलं नाही’ असं विचारू नका. ‘का’चं उत्तर देत नाहीत. मागायचं असं: मागच्या आर्थिक वर्षाचं स्वउत्पन्न, त्याचे पाच टक्के, प्रत्यक्ष खर्च, आणि लाभार्थ्यांची अपंगत्वाच्या प्रकारानुसार संख्या. नावं मागू नका, मागायची गरजही नाही. मावशींच्या गावच्या उत्तरात मानसिक आजाराच्या रकान्यात शून्य होतं. एका माणसाची तक्रार तिथे सगळ्या गावाची झाली.

त्यापुढे पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त. त्यांना चौकशीचे अधिकार आहेत, आणि त्यांनी शिफारस केली की त्या कार्यालयाने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. दवाखान्यातल्या गोष्टींसाठी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. दिव्यांग व्यक्तीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

आता जिनिव्हा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकारांचं काम चालतं ते शहर. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. एकाने माझ्याकडून मुलाची तक्रार इंग्रजीत करून घेतली आणि ‘यूएनला’ ईमेल केली. करारावर देखरेख करणारी अठरा तज्ज्ञांची समिती आहे, पण तिच्याकडे एकट्या माणसाची तक्रार न्यायची तर देशाने ऐच्छिक प्रोटोकॉल, म्हणजे करारासोबतचा वेगळा जोडकरार, मान्य केलेला असावा लागतो. भारताने तो केलेला नाही. तो दरवाजा बंद आहे, उगाच आशा लावू नका. अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठीचा विशेष प्रतिवेदक, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी नेमलेला स्वतंत्र तज्ज्ञ, २०१४ पासून आहे. त्याच्याकडे मात्र कोणत्याही देशातून लिहिता येतं. तिथे मराठी चालत नाही. इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये द्यावं लागतं. सगळीकडे फिरून थकलात, कागदांची जुडगी तयार आहे, असं असेल तरच तिकडे जा.

उरले ते दोन रस्ते, दोन्ही एकट्याने नाही, संस्था-गटांसोबत मिळून चालायचे. सरकार समितीला अहवाल देतं तेव्हा संस्था आपला समांतर अहवाल देतात. भारताची पाळी सप्टेंबर २०१९ मध्ये आली होती. त्यानंतर समितीने पालकत्वाच्या तरतुदींवर आणि जबरदस्तीने दाखल करण्यावर आपल्या कायद्यांनाच बोल लावले. दुसरा रस्ता म्हणजे मानवाधिकार परिषदेतला सर्व देशांचा आळीपाळीने होणारा आढावा. भारताचा २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये झाला. तिथे एका संस्थेला शब्द मिळतात २,८१५. अनेकांनी मिळून दिलं तर ५,६३०. हा आकडा ऐकल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. शब्द मोजून काम करणारे तिकडेही आहेत.

२०२२ ला आम्ही एका एकत्रित निवेदनात होतो. आमच्या गटाच्या वाट्याला दोनशे शब्द. तीन रात्री ऑनलाइन बसलो. मी पहिल्यांदा सातशे लिहिले, त्यातले तीनशे माझ्या रागाचे होते. ताई एकेक वाक्य वाचून विचारायच्या, “हे वाचून दुसऱ्या देशाचा प्रतिनिधी भारताला नेमका कोणता प्रश्न विचारेल?” प्रश्न निघत नसेल ते वाक्य काढायचं. तुम्हीही तसंच करा. कारण तिथे प्रत्येक देशाला बोलायला अगदी थोडा वेळ मिळतो, आणि शिफारस एका वाक्याची असते. पुढे भारत प्रत्येक शिफारस ‘मान्य’ करतो किंवा तिची फक्त ‘नोंद घेतो’. आपल्या विषयाची एखादी मान्य झाली की ती मराठीत उतरवून वहीच्या पुठ्ठ्यावर डकवा. पुढच्या अर्जाच्या संदर्भात ती तिसऱ्या क्रमांकावर जाते.

निवेदन जातं तेव्हा ते सगळ्यांना वाचायला मिळतं, हे आधी घरात बसून सांगा. नाव, गाव, दवाखाना काढूनही गावातलं माणूस ओळखू येतं. ‘चौतीस वर्षांचा अविवाहित मुलगा, आई विधवा’ एवढ्याने आमच्याकडे पुरतं. संमती लेखी घ्या, आणि अहवाल जायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा विचारा. एका बाईंनी आदल्या दिवशी नको म्हटलं. काढलं. भरायला दुसरं काही नव्हतं, तेवढे शब्द कमीच गेले.

आणि आपली गोष्ट प्रत्येक बैठकीत पहिल्यापासून सांगत बसू नका. मला कॉटची गोष्ट सांगितली की दोन रात्री झोप नसते, आणि झोप गेली की माझा आजार दारात उभा. म्हणून मी ती एका पानावर लिहून ठेवली आहे. कुणी विचारलं की पान देतो. फार जड झालं तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, मराठीतून बोलता येतं. मी दोनदा लावला आहे.

मावशींच्या अर्जावर लेखी कारण अजून आलेलं नाही. यादीचं काम चालू आहे असं तोंडी कळलं. माहिती अधिकाराच्या त्या उत्तरावर वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील टाकलं आहे, सुनावणी येत्या मंगळवारी अकराला. मुलगा स्वतः बोलणार म्हणतो. काल त्याने टेबलावर बसून चार ओळी लिहिल्या, मोजल्या, आणि दोन शब्द खोडले.