घरातल्या मुंग्या कशा घालवाव्यात: मारू नका, परत जाऊ द्या

ओट्यावर मुंग्यांची रांग दिसली की हात आपोआप स्प्रेच्या डब्याकडे जातो. तो आधी मागे घ्या. रांगेत दिसतात त्या फक्त चारा शोधायला बाहेर पडलेल्या कामकरी मुंग्या. राणी, अंडी, अळ्या आणि बाकीचं सगळं खटलं भिंतीच्या पोकळीत, फरशीखाली नाहीतर बाहेर कुंडीच्या बुडाशी असतं. दिसणाऱ्या शंभर मारल्यात तर राणीला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि उद्या त्याच वाटेनं दुसऱ्या शंभर येतात.

डबे घट्ट लावा, खरकटं रात्रभर ठेवू नका, हे मी सांगत बसत नाही. ते तुम्ही करून झालंय आणि तरी मुंग्या आहेत, म्हणूनच हे वाचताय.

आधी ओळख पटवा

‘लाल चावते, काळी चावत नाही’ एवढ्या ज्ञानावर इथं भागत नाही. पारदर्शक चिकटपट्टीवर एक मुंगी उचला, पट्टी पांढऱ्या कागदावर चिकटवा आणि मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, पण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

जेमतेम २ मिलिमीटरची, पिवळसर, पोटाचं टोक तेवढं गडद, अशी असेल तर ती फेरो मुंगी. तिला ऊब आवडते. स्विचबोर्डच्या मागे, गरम पाण्याच्या पाइपालगत ती राहते. एकाच वसाहतीत अनेक राण्या असतात. ही निघाली तर या लेखातला ‘आमिष’ हा भाग दोनदा वाचा.

डोकं काळपट आणि पोट-पाय इतके फिकट की पांढऱ्या फरशीवर नुसतं डोकंच पळतंय असं वाटतं, ती भूत मुंगी. बोटाखाली चिरडली तर खवट खोबऱ्यासारखा वास येतो. लांब पाय, लांब मिशा, रांग धड धरता येत नाही आणि भान हरपल्यासारखी इकडून तिकडे पळते, ती वेडी मुंगी. हे नाव मी ठेवलेलं नाही, तिला म्हणतातच तसं.

मुंगळा ओळखायला भिंग लागत नाही. तो लाकूड खात नाही, घर करायला पोखरतो. खिडकीच्या चौकटीखाली रोज नवा भुसा पडलेला दिसला तर मुंगळ्यांच्या मागे लागण्याआधी ते लाकूड ओलं का आहे ते शोधा. ओल गेल्याशिवाय मुंगळे जात नाहीत.

आणि पाऊस पडून गेल्यावर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे जमले तर ‘मुंग्यांना पंख फुटले’ म्हणून सोडून देऊ नका. एक पकडून बघा. कंबर बारीक, मिशांना कोपरासारखा बाक आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा लांब असतील तर ती मुंगी. कंबरच नाही, मिशा मण्यांच्या सरळ माळेसारख्या आणि चारही पंख एकाच लांबीचे असतील तर ती वाळवी. बाहेरून एखाददुसरी उडत आली असेल तर ठीक आहे. घरातल्या भिंतीच्या फटीतूनच निघत असतील तर मुंग्यांचं काम बाजूला ठेवा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

वाट शोधा

रात्री दिवे बंद करून टॉर्च घ्या आणि रांगेच्या मागे मागे जा. त्या जिथून भिंतीत शिरतात तिथं पेन्सिलीनं खूण करा. भोक लगेच बुजवू नका. त्याचं कारण पुढे येईल.

त्यांना काय हवंय ते विचारा

पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एका टोकाला साखरपाण्याचा थेंब ठेवा, दुसऱ्या टोकाला शेंगदाण्याचा तेलकट लगदा. रांगेजवळ ठेवा आणि तासाभरानं बघा. वसाहतीत अळ्या वाढत असतील तर त्यांना प्रथिनं लागतात. तेव्हा मुंग्या साखरेला तोंड लावत नाहीत आणि आपण ‘आमिष (म्हणजे विष मिसळलेलं खाणं) चालत नाही’ असा निकाल देऊन मोकळे होतो. लगद्याकडे गेल्या तर बाजारात मिळणारं प्रथिनांचं तयार आमिष आणा. घरी लगद्यात बोरिक पावडर (आमिषातलं विष) सारखी मिसळली जात नाही, उगाच खटाटोप करू नका. बहुतेक वेळा मात्र साखरेच्या थेंबाभोवती गोल धरून बसलेल्या मुंग्या दिसतील.

आमिष: इथंच सगळे चुकतात

मीही चुकले, आणि तेही तीनदा.

पहिली चूक स्प्रेची. स्विचबोर्डच्या फटीतून पिवळसर मुंग्यांची रांग येत होती, मी फटीत स्प्रे मारला. (विजेच्या बोर्डात स्प्रे मारणं हा वेगळा गाढवपणा, तो तरी तुम्ही करू नका.) काही दिवस शांतता. मग स्वयंपाकघरात एक, न्हाणीघरात एक आणि कपड्यांच्या कपाटात एक अशा तीन रांगा सुरू झाल्या. फेरो मुंग्यांना धोका जाणवला की वसाहत फुटते. काही कामकरी अंडी-अळ्या उचलतात, जमलं तर एखादी राणीही बरोबर घेतात आणि दुसरीकडे बिऱ्हाड थाटतात. म्हणजे मी विषावर पैसे घालून मुंग्यांना दोन नव्या जागा मिळवून दिल्या होत्या. रुग्णालयांमध्ये या मुंग्या जखमांच्या पट्ट्यांपर्यंत पोहोचतात, आणि तिथंही स्प्रेनं त्या पसरतातच. फेरो मुंगी दिसली की स्प्रे नाही, हा माझ्या घरात कायदा आहे.

दुसरी चूक प्रमाणाची, आणि ही जास्त फसवी. ‘साखर आणि बोरिक पावडर निम्मी निम्मी’ असा सल्ला सगळीकडे फिरतो. तो मानला आणि ते बाटलीच्या झाकणात ठेवलं. सकाळी झाकणाभोवती मेलेल्या मुंग्यांचा सडा पडला होता. मी इतकी खूश झाले की फोटो काढून सगळ्यांना पाठवला. चौथ्या दिवशी रांग परत हजर.

त्याचं असं आहे. कामकरी मुंगी घट्ट अन्न गिळू शकत नाही, ती द्रव पिते. प्यायलेलं सगळं तिच्या स्वतःच्या पोटात जात नाही. एक कप्पा वसाहतीसाठी राखलेला असतो. घरी गेल्यावर तो द्रव ती दुसरीच्या तोंडात देते, दुसरी तिसरीला, आणि असं होत होत तो राणीपर्यंत पोहोचतो. मुंगी आमिषाजवळच मेली तर तो कप्पा तिथंच वाया गेला. म्हणून आमिष असं हवं की ते पिऊन मुंगी धडधाकट घरी जाईल, पुढचा दिवस-दोन दिवस वाटप करेल आणि मग मरेल. झाकणाभोवती मेलेल्या मुंग्या दिसणं हे यश नाही. आमिष कडक झाल्याची ती खूण आहे.

माझं प्रमाण असं: २०० मिली कोमट पाणी, २० ग्रॅम साखर, २ ग्रॅम बोरिक पावडर. म्हणजे बोरिक १ टक्का. चमच्यानं मोजू नका, वजन करा. दाबून भरलेला चमचा आणि सैल चमचा यांत मोठा फरक पडतो आणि इथं अर्ध्या ग्रॅमनंही गणित बदलतं. सगळं पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. तळाशी पांढरे कण उरले तर अजून विरघळलेलं नाही, तसंच वापरू नका. बोरिकऐवजी टाकणखार असेल तर तो साधारण दीडपट, म्हणजे ३ ग्रॅम घ्या. कोरडी साखर आणि कोरडी पावडर मिसळून कोपऱ्यात शिंपडणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. मुंग्या साखरेचे दाणे निवडून नेतात, पावडर तिथंच राहते.

हे मिश्रण पोटात जाणं माणसाला आणि पाळीव प्राण्यांनाही घातक आहे. दिसायला ते निव्वळ साखरपाणी असतं, घोळ तिथंच होतो. उरलेल्या बाटलीवर ठळक अक्षरात ‘विष’ लिहा आणि ती स्वयंपाकघरात ठेवूच नका. चमचा आणि वाटी त्यासाठीच वेगळी काढा. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर आमिष प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत ठेवा, डबीला मुंगी शिरेल एवढीच भोकं पाडा, झाकण चिकटपट्टीनं बंद करा आणि डबी हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.

बाकीच्यांनी बाटलीच्या झाकणात कापसाचा बोळा भिजवून ठेवला तरी चालेल. कापूस नसेल तर मुंग्या बुडून मरतात. झाकण रांगेच्या मधोमध ठेवू नका, बोटभर अंतरावर बाजूला ठेवा. वाट अडली की त्या नवी वाट काढतात. जिथं जिथं रांग आहे तिथं तिथं एक झाकण.

आणि मग काहीही करू नका. सगळ्यात अवघड हेच आहे. पहिल्या काही तासांत मुंग्या कमी होत नाहीत, दसपट होतात. पहिल्या मुंगीनं परत जाताना जमिनीवर गंधाची रेघ ओढलेली असते आणि सगळा गोतावळा त्या रेघेवरून जेवायला येतो. झाकण काळं पडतं. बघवत नाही. माझी तिसरी चूक इथली, खरं तर माझी नाही. रात्री मस्त गर्दी जमली होती, सकाळी उठून बघते तर ओटा लखलखीत. सासूबाईंनी पहाटे साबणाच्या पाण्यानं सगळं पुसून काढलं होतं, झाकणासकट. वर ‘तुला दिसल्या नाहीत वाटतं’ हेही ऐकवलं. तेव्हापासून झाकणाशेजारी चिठ्ठी असते.

कापूस दोन-तीन दिवसांनी बदला. वाळलेल्या साखरेला मुंग्या विचारत नाहीत. गर्दी साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ओसरायला लागते. शेवटची मुंगी दिसल्यानंतरही आठवडाभर आमिष राहू द्या. फेरो मुंग्या असतील तर महिना-दोन महिने धरून चाला. राण्या अनेक असतात आणि एक जरी उरली तरी पुन्हा पहिल्यापासून. याच दिवसांत कोणी जवळपास स्प्रे मारला, फिनेल ओतलं किंवा कीटकनाशक खडूची रेघ ओढली तर आमिष फुकट गेलं.

मग पुसा आणि बुजवा

आता गंधाची रेघ साबणाच्या पाण्यानं पुसा आणि खूण केलेली भोकं व्हाइट सिमेंटनं बंद करा. आधी बुजवली असती तर मुंग्या आमिषापर्यंत पोहोचल्या नसत्या, दुसरीकडून निघाल्या असत्या.

बाकीचे किडे, थोडक्यात

झुरळं: डोक्यामागे दोन गडद पट्टे असलेलं लहान झुरळ म्हणजे जर्मन झुरळ. ते घरातच वाढतं. त्याला मुंग्यांचाच न्याय. झुरळांच्या आमिषाच्या जेलचे ज्वारीच्या दाण्याएवढे ठिपके बिजागऱ्यांपाशी आणि फटींत द्या, शेजारी स्प्रे मारू नका. मेलेलं झुरळ आणि त्याची विष्ठा पिल्लं खातात, त्यामुळे विष पुढे जातं. मोठं तांबूस झुरळ बहुधा गटारातून येतं, त्यासाठी जाळी बसवा.

ढेकूण: गादीच्या शिवणीत काळे ठिपके शोधा. कपडे ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर अर्धा तास फिरवा. त्रास होतो म्हणून दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नका. ते मागोमाग येतात आणि मग दोन खोल्या होतात.

डास: साठलेलं पाणी आठवड्याला ओता, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण तेवढेच दिवस लागतात. नुसतं ओतून भागत नाही, भांडं आतून घासा. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात.

वाळवी: भिंतीवर पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची नळी दिसली तर तिचा इंचभर तुकडा पाडा. काही दिवसांत तो पुन्हा लिंपला गेला तर आत वाळवी जिवंत आहे. नाही लिंपला तरी गेली असं समजू नका, ती जागा बदलते. बाकीच्या नळ्या तशाच ठेवा, वरून काही फवारू नका आणि जाणकार माणसाला बोलवा. त्याला त्या नळ्याच वाट दाखवतात. हे काम घरी करायचं नाही, मीही करत नाही.

मोरीत घुटमळणाऱ्या केसाळ पंखांच्या बारीक माश्या: रात्री मोरीच्या जाळीवर चिकटपट्टी चिकट बाजू खाली करून लावा, हवेला थोडी फट ठेवा. सकाळी पट्टीला माश्या चिकटलेल्या असतील तर त्या त्याच पाइपात वाढतायत. उकळतं पाणी ओतून उपयोग नाही, पाइपाच्या आतल्या बुळबुळीत थरात अळ्या असतात. लांब दांड्याचा ब्रश घालून तो थर खरवडून काढा, आणि आठवड्यानं पट्टी पुन्हा लावून बघा.