काळं पडलेलं ॲल्युमिनियम परत टाकीत टाकू नका

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीकडे (औद्योगिक वसाहत) धातूचे भाग, म्हणजे जॉब, अल्ट्रासॉनिक टाकीत ध्वनिलहरींनी धुतात; त्या वॉशिंग लाइनवर नव्याने लागलेल्यांसाठी हे लिहितेय. बास्केट तळाला का टेकवायची नाही, डिगॅसिंग (पाण्यात विरघळलेली हवा काढणं) कशासाठी, हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात दाखवलं असेल. मला बोलायचंय ते काळेपणाबद्दल.

माझी ॲल्युमिनियमची पहिली बॅच अल्ट्रासॉनिकमधून राखाडी-काळी निघाली. लाइनवरचे काका म्हणाले, "मळ राहिलाय, परत टाक." परत टाकली आणि ती जास्तच काळी झाली. काकांचा हात स्टीलवर बसलेला, आणि स्टीलला तो सल्ला बरोबर आहे. पण ॲल्युमिनियमवरचा तो काळेपणा मळ नसतो.

नीट समजून घ्या. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच त्याला सांभाळतो. तो साधारण पीएच ४ ते ८.५ मध्ये टिकतो. स्टीलचं ग्रीस काढायच्या कॉस्टिकच्या (कॉस्टिक सोड्याच्या) पाण्याचा पीएच १२-१३ असतो. त्यात आधी थर जातो, मग खालचं ॲल्युमिनियम विरघळायला लागतं. मिश्रधातूतलं तांबं आणि सिलिकॉन मात्र सहजी विरघळत नाही, ते वर काळ्या भुकटीसारखं उरतं. हेच स्मट. बोटाला लागतं, म्हणून मळ वाटतो. परत टाकलं की आणखी ॲल्युमिनियम जातं, आणखी भुकटी उरते, आणि जॉबचं मापही जातं. पाच मिनिटं वाढवून ते निघणार नाही, दहा वाढवूनही नाही.

एडीसी १२ या मिश्रधातूच्या कास्टिंगमध्ये (ओतीव भागात) सिलिकॉन १० ते १२ टक्के, २०२४ नंबरच्या मिश्रधातूत तांबं ४ टक्क्यांच्या आसपास. हे दोन्ही पटकन काळे पडतात. ६०६१ नंबरचा मिश्रधातू बरंच सोसतो, म्हणून त्याच्यावर चाललेली सेटिंग कास्टिंगला लावू नका.

ओळखायचं कसं? अल्ट्रासॉनिक बंद करा आणि टाकीतल्या जॉबकडे बघा. त्याच्या अंगातून बारीक बुडबुडे येतच राहिले, तर तो हायड्रोजन आहे, धातू खाल्ला जातोय. लगेच बाहेर काढा आणि भरपूर पाण्यात धुवा.

केमिकलच्या कॅनवर "सर्व धातूंसाठी" लिहिलेलं असतं, त्यावर मी विश्वास ठेवत नाही. टाकीतल्या पाण्यात पीएचची पट्टी बुडवा, रोज सकाळी. न्यूट्रल किंवा सिलिकेट घातलेलं सौम्य अल्कलाइन मागा. तापमान ५०-५५ अंश पुरतं, पण हीटर बंद असला तरी ट्रान्सड्यूसरमुळे (ध्वनिलहरी सोडणाऱ्या भागामुळे) पाणी तापत जातं, तेव्हा थर्मामीटर बघत राहा. नुसतं गरम पाणीही डाग पाडतं. घरी ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडू नये म्हणून लिंबाची साल टाकतात ना, तोच प्रकार. आणि ज्या टाकीत पितळ धुतलं, त्यात ॲल्युमिनियम नको. विरघळलेलं तांबं त्यावर बसतं.

काळे जॉब उजळायला कुणी हायड्रोक्लोरिक ॲसिड आणून देईल. हात लावू नका. पृष्ठभागाला खड्डे पडतात, वायू सुटतो, आणि डोळे तुमचे जातात. स्मट नायट्रिक ॲसिडने निघतं, कास्टिंगच्या सिलिकॉनसाठी त्यात फ्लोराइडही लागतं. ते ॲनोडायझिंगवाल्यांचं काम आहे, त्यांच्याकडे त्याची व्यवस्था असते. म्हणजे काळी बॅच भंगारात गेली असं समजून रडत बसू नका. आधी माप तपासा. मापात असेल तर ती बहुतेक वाचते.

गुरूबद्दल माझं ठाम मत आहे. "असंच करतात" म्हणणाऱ्याकडून हात शिका, पण कारण सांगणारा शोधाच. १८९० पासून कलाभवन, म्हणजे तंत्रशिक्षणाची संस्था, असलेल्या गावात तो सापडतो.

शेवटचं काम धुण्याचं. बाहेर काढलेला जॉब ओला असतानाच धुवायचा, कारण सिलिकेट सुकलं की पांढरं पडतं आणि मग निघत नाही. बोअरचं पाणी चालतं, पण शेवटचं पाणी डीआय (क्षार काढलेलं) हवं. टॅप केलेली (आटे पाडलेली) बंद भोकं एअर गनने फुंका. त्यात राहिलेलं पाणी रात्रभर झिरपतं आणि पॅक केलेल्या मालावर सकाळी ओघळ दिसतात. नवा अलॉय आला की त्याचाच एक रिजेक्ट तुकडा मागून घ्या आणि आधी तो टाकीत सोडा. सुपरवायझर वेळेवरून बोलतील, बोलू द्या.