हाताने घडवलेला स्नूकर-पूलचा क्यू कसा निवडावा, त्याची किंमत कशी ठरवावी

क्यूची, म्हणजे खेळायच्या काठीची, किंमत बटवर (मागच्या जाड, हातात धरायच्या भागावर) ठरते, पण खेळ शाफ्टवर (पुढच्या निमुळत्या दांड्यावर) ठरतो. विकणारा आधी बट पुढे करतो: काळीभोर एबनी (आबनूस), दोन-तीन रंगांचे व्हेनिअर म्हणजे लाकडाचे पातळ थर, कारागिराच्या नावाची चकती. तुम्ही क्यू उलटा फिरवा आणि तपासणी टिपकडून, म्हणजे बॉलला लागणाऱ्या टोकाकडून, सुरू करा. सोबत मीटर टेप, व्हर्निअर कॅलिपर आणि ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला काटा असू द्या. या वस्तू बाहेर काढल्या की विकणाऱ्याचा सूरही जरा बदलतो, तेही उपयोगाचंच.

आधी खेळ ठरवा

स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा, अमेरिकन पूलचा ५७.१५ चा आणि वजनानेही जड. म्हणून स्नूकरच्या क्यूची टिप साधारण ९ ते १० मिलिमीटर आणि पूलची १२ ते १३. लांबी दोन्हीकडे ५७-५८ इंच. वजन स्नूकरला १७ ते १९ औंस, म्हणजे ४८० ते ५४० ग्रॅम. पूलला १८ ते २१ औंस, म्हणजे ५१० ते ५९५ ग्रॅम. पार्लरमध्ये दोन्ही टेबलं शेजारी असतात म्हणून एकाच क्यूवर दोन्ही खेळ भागवायचा मोह होतो. बारीक टिपने पूलचे जड बॉल मारत राहिलात तर टिप कडेने पसरते आणि टिपमागचं पितळी कडं, म्हणजे फेरूल, सैल व्हायला लागतं. महागडा क्यू तरी यात घालू नका.

शाफ्टच्या रेषा वाचा

स्नूकरचा शाफ्ट बहुतेक ॲशच्या लाकडाचा असतो, क्वचित मेपलच्या. ॲशवर एका बाजूने बाणासारख्या रेषा दिसतात आणि क्यू पाव वळसा फिरवला की सरळ लांब रेषा. बाण किती आहेत याला फारसा अर्थ नाही. ते बऱ्यापैकी सारख्या अंतरावर आहेत का आणि शाफ्टच्या मधोमध आहेत का, एवढं पाहा. खरी कसोटी सरळ रेषांची. फेरूलजवळच्या शेवटच्या फूटभरात एक रेष नखाने धरून पुढे चला. ती टिपपर्यंत गेली तर उत्तम. मध्येच कडेला उतरून संपली तर तिथे लाकडाचे तंतू तुटलेले आहेत, आणि तो शाफ्ट पुढे तिथेच वाकणार किंवा तडकणार.

मेपलच्या रेषा डोळ्यांना सहज दिसत नाहीत. मोबाइलचा टॉर्च शाफ्टला जवळजवळ समांतर धरा, म्हणजे बारीक ठिपके आणि रेषांचा कल उमटून येतो. पूलच्या लाकडी क्यूत बहुतेक मेपलच असतं.

विकणारा स्वतः कारागीर असेल तर एक प्रश्न जरूर विचारा: शाफ्ट एका बैठकीत उतरवला की टप्प्याटप्प्याने? चांगला कारागीर लेथवर किंवा रंध्याने थोडं लाकूड काढतो, दांडा काही आठवडे टांगून ठेवतो, मग पुन्हा काढतो. लाकडाला वाकायचं असेल तर ते मधल्या काळात वाकतं आणि तो दांडा तिथेच बाद होतो. घाईने उतरवलेला शाफ्ट हेच काम तुमच्या घरी येऊन करतो.

सरळपणा: टेबलावर लोळवून फसू नका

क्यू टेबलावर लोळवायचा आणि टिप उडते का पाहायचं, ही सगळीकडची पद्धत. स्नूकरच्या क्यूला ती लागू पडत नाही, कारण पुष्कळ क्यूंच्या बटवर चकतीसाठी एक बाजू सपाट केलेली असते. असा क्यू लोळवला की अडखळणारच. शिवाय हाताने रंधलेला शाफ्ट किंचित लंबगोल असू शकतो, तो दोष नव्हे. त्याऐवजी बट गालाशी टेकवून बंदुकीसारखा नेम धरा आणि क्यू हळूहळू पूर्ण फिरवा. एकाच जागी बाक येत-जात राहिला तर क्यू वाकलेला आहे. शाफ्टच्या मधोमध अगदी हलका, एकसंध बाक चालवून घेता येतो. टिपजवळच्या आठ-दहा इंचांत आलेला बाक मात्र थेट नेमावर येतो, तो अजिबात नको.

जोडाचा क्यू असेल तर दोन्ही तुकडे वेगवेगळे पाहा, मग जोडून पाहा. वेगळे सरळ आणि जोडल्यावर वाकडे असतील तर दोष लाकडात नाही, जॉइंटच्या तोंडात आहे. शेवटचा आटा घट्ट करण्याआधी थांबा आणि जॉइंट उजेडासमोर धरा. फट सगळीकडून सारखी दिसली पाहिजे. ट्यूबलाइटखाली हे नीट कळत नाही, दारापाशी जा.

हाताचं काम की मशीनचं

इथे सगळ्यात जास्त पैसे बुडतात, म्हणून जरा सावकाश.

हाताने केलेल्या स्नूकर क्यूत कारागीर ॲशच्या निमुळत्या दांड्याच्या चार बाजू रंध्याने तिरक्या सपाट करतो, त्यांवर एबनीच्या पट्ट्या चिकटवतो आणि सुकल्यावर सगळं गोल करतो. गोल दांड्याला असा सपाट छेद दिला की त्याचं टोक गोलसर कमानीचं येतं. मशीनच्या जोडात लाकडाचे दात एकमेकांत घुसवलेले असतात, त्यामुळे टोकं सुईसारखी अणकुचीदार दिसतात. म्हणजे स्नूकरमध्ये गोलसर कमान ही हाताच्या कामाची खूण. चार कमानींच्या उंचीत एक-दोन मिलिमीटरचा फरक असला तर बिघडत नाही.

पूलच्या क्यूत हे बरोबर उलटं आहे. तिथे जुन्या पद्धतीने व्ही-आकाराची खाच पाडून त्यात दुसरं लाकूड बसवतात, म्हणून टोकं धारदार येतात. संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कोरून बसवलेली नक्षी टोकाला किंचित गोल राहते, कारण कापणारं पातंच गोल असतं. स्नूकरचा नियम पूलला लावून लोक चांगला क्यू सोडून देतात.

दोन्हींत एक सोपी चोरी असते: नक्षी लाकडाची नसून छापील पट्टीची. बटवरून नख आडवं फिरवा. पट्टीची कड नखाला लागते, आणि भिंगातून पाहिलं तर एबनीच्या जागी नुसता सपाट काळा रंग दिसतो. खऱ्या एबनीतही कधीकधी तपकिरी छटा असते, तिला घाबरू नका. आपल्या गडचिरोली-गोंदियाच्या जंगलात ज्याची पानं तोडतात तो तेंदू याच एबनीच्या कुळातला. स्नूकर क्यूच्या बुडाला रबर किंवा एक्स्टेन्शनचा (लांबी वाढवायच्या जोडाचा) धातू नसेल तर तिथेही पाहा: मध्ये ॲशचा चौकोन आणि भोवती एबनी दिसली तर काम खरं आहे.

आवाज, वजन, तोल

क्यू दोन बोटांत सैल धरून बट जमिनीवर हलकेच आपटा. खणखणीत, आखूड आवाज हवा. कुठे खुळखुळ किंवा भणभण आली तर फेरूल, जॉइंट किंवा आतला वजनाचा बोल्ट सैल आहे. मग क्यू एका बोटावर तोलून तो बिंदू बुडापासून मोजा. स्नूकरला १६ ते १८ इंच सर्वसाधारण. बिंदू फार मागे गेला तर टिप हातात हलकी लागते आणि लांबच्या शॉटला क्यू वर उचलला जातो.

जुन्या क्यूंच्या बटवर पुष्कळदा औंसातलं वजन ठोकलेलं असतं. काट्यावरचं वजन त्याच्याशी ताडून पाहा. पाव-अर्ध्या औंसाचा फरक लाकूड सुकण्यातून येतो. त्याहून जास्त असेल तर क्यू कापलेला, जोडलेला किंवा आत शिसं भरलेला आहे असं धरून चाला.

नागपूरचा उन्हाळा आणि कूलर

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत असते आणि घरात वाळ्याचा कूलर ओली हवा फेकत असतो. क्यूला यापेक्षा वाईट जोडी नाही. कूलरसमोरच्या भिंतीला टेकवून ठेवलेला क्यू एका बाजूने ओलावा पितो आणि फुगतो, दुसरी बाजू कोरडीच राहते, आणि शाफ्ट कोरड्या बाजूकडे वळतो. म्हणून विकणाऱ्याला क्यू कुठे ठेवला होता हे विचारा. गाडीच्या डिकीत उन्हाळा काढलेला क्यू आज सरळ दिसला तरी जॉइंटजवळ आणि पट्ट्यांच्या कडांना बारीक फटी शोधा. नखाने चाचपल्या की त्या सापडतात.

आता किंमत

त्याच कारागिराचा, त्याच दर्जाचा क्यू आज नवा मागवला तर किती पडेल, हे आधी काढा. परदेशी असेल तर कुरिअर आणि सीमाशुल्क त्यात धरा. तिथून खाली उतरत या. टिप आणि फेरूल किरकोळ खर्च, त्यावरून फार घासाघीस करण्यात अर्थ नाही. कापून आखूड केलेला शाफ्ट, किंवा सँडपेपर मारमारून १३ मिलिमीटरवरून १२ च्या खाली आणलेला पूलचा शाफ्ट, यांवर भाव चांगलाच पाडा. पूलमध्ये शाफ्ट बदलता येतो, त्यामुळे बट आणि शाफ्ट यांची किंमत वेगवेगळी लावा. मूळ दुसरा शाफ्ट सोबत असेल तर जास्त द्या. स्नूकरच्या हातजोडाच्या क्यूत शाफ्टच बटमध्ये शिरलेला असतो. तो वाकला असेल तर सूट मागू नका, व्यवहारच सोडा. बटचं पॉलिश मूळ कारागिराने पुन्हा केलं असेल तर ठीक, दुसऱ्या कोणी घासून चकाचक केलं असेल तर संग्राहक भाव कमी करतात.

जुन्या मालात चकतीवरच्या खेळाडूच्या नावाला भुलू नका. जो डेव्हिस किंवा वॉल्टर लिंड्रम यांच्या नावाचे क्यू कारखान्यांनी ढिगाने काढले. नाव आहे म्हणजे तो क्यू त्यांच्या हातातला नव्हे. ‘ब्रिटिशकालीन’ हा शब्दही आपल्याकडे सढळ वापरतात. स्नूकर १८७५ साली शेजारच्या जबलपूरला लष्कराच्या मेसमध्ये सुरू झालं असं मानतात, म्हणून इथल्या प्रत्येक काळ्या दांड्याला इतिहास चिकटतो. पेराडन, रायली, बरोज अँड वॉट्स या क्यू बनवणाऱ्या जुन्या नावांत साधा मशीनचा मालही आहे आणि उत्तम हातकामही, तेव्हा वरची कमानीची खूण इथेही लावा. फेरूल किंवा जॉइंट हस्तिदंताचा आहे असं कोणी कौतुकाने सांगितलं तर क्यू खाली ठेवा, आपल्या देशात तो व्यापार बेकायदा आहे.

क्यू पार्सलने येणार असेल तर ताठ पीव्हीसी पाइपमध्ये, दोन्ही टोकांना फोम घालून मागवा आणि परत करायची मुदत निदान आठवड्याची लिहून घ्या. आल्या आल्या सरळपणा तपासू नका. केसमध्येच खोलीच्या हवेत एक दिवस राहू द्या, मग पाहा, आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा एकदा पाहा. कोरडा पडलेला ॲशचा शाफ्ट वर्षातून एक-दोनदा जवसाच्या तेलाने पुसायचा: चमचाभर तेल पुरतं, दहा मिनिटांनी सगळं पुसून काढा, नाहीतर शाफ्ट चिकट होतो. तो तेलकट फडका मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि आपल्या उन्हाळ्यात फडका आपोआप पेट घेऊ शकतो. पाण्यात भिजवून, बाहेर पसरून वाळवा आणि मगच फेका.