मुलांच्या आयसीयूत सतत ईईजी: या चुका टाळा

मूल शांत पडलंय म्हणजे त्याचा मेंदूही शांत आहे, ही समजूत सगळ्यांत महागात पडते. गंभीर आजारी मुलांना येणाऱ्या झटक्यांपैकी (आकडी, फिट) बरेचसे फक्त ईईजीवर, म्हणजे डोक्याला चिकटवलेल्या तारांनी (लीड) घेतलेल्या मेंदूच्या विद्युत लाटांच्या नोंदीवर दिसतात. हातपाय हलत नाहीत. फार तर नजर एका बाजूला वळते, पापणी फडफडते. व्हेकुरोनियम चालू असेल तर तेवढंही नाही, कारण ते स्नायू शिथिल करतं, मेंदूतला झटका थांबवत नाही. आकडी थांबूनही मूल अपेक्षेप्रमाणे शुद्धीवर येत नसेल, तर "औषधाची गुंगी असेल" म्हणून सकाळची वाट पाहू नका.

अर्ध्या तासाचा ईईजी नॉर्मल आला की मशीन पुढच्या खाटेकडे जातं, हेही चूकच. अमेरिकन क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजी सोसायटीच्या 2015 च्या शिफारशीत किमान 24 तास सांगितले आहेत. हृदय बंद पडून परत सुरू झालेल्या मुलाला थंड ठेवलं असेल, तर अंग पुन्हा ऊबदार होईपर्यंत लीड काढू नका. झटके तेव्हाही सुरू होतात.

आता थोपटण्याबद्दल. मध्यरात्री डोक्यामागच्या लीडमध्ये एकसारख्या तालबद्ध लाटा उमटतात, अगदी झटक्यासारख्या. व्हिडिओत मात्र नुसतं पांघरूण दिसतं. पांघरुणाखाली कोणीतरी बाळाला हळूहळू थोपटत असतं. हात उचलला की लाटा बंद. व्हेंटिलेटरच्या नळीत साचलेलं पाणी हललं तरी असाच घोटाळा होतो. अशा लाटांवर झटक्याचं औषध दिलं गेलं तर श्वास मंदावतो, रक्तदाब उतरतो, आणि भोगतं ते मूल. म्हणून कॅमेऱ्यात चेहरा आणि हातपाय दिसू द्या. थोपटणं, सक्शन (नळीने कफ ओढणं), कूस बदलणं या सगळ्याची वेळ टाका. लाटा वाचणारा डॉक्टर बहुतेकदा खाटेजवळ नसतो, त्याला तुमच्या नोंदीखेरीज दुसरा आधार नाही.

औषधांचंही तसंच. मिडाझोलम आणि थायोपेंटाल ही गुंगी आणणारी, झटके थांबवणारी औषधं. मिडाझोलममुळे जलद बीटा लाटा येतात, थायोपेंटालच्या मोठ्या डोसने ईईजी जवळजवळ सपाट होतो. डोसची वेळ लिहिली नाही, तर सपाट रेघ मेंदूच्या इजेच्या खात्यावर जाते.

एखाद्या लीडमध्ये 50 हर्ट्झची (घरातल्या विजेच्या वारंवारतेची) जाड घरघर आली की लगेच फिल्टर लावू नका. आधी इम्पिडन्स (लीड आणि त्वचेमधला विद्युत अडथळा) बघा. तो 5 किलोओहमच्या वर असेल तर त्वचा हलक्या हाताने पुसून पेस्ट नव्याने लावा. जोरात घासलं तर नाजूक त्वचा सोलवटते, आणि कपाळावरच्या लीडखाली दाबाने जखमही होते. तिथली त्वचा प्रत्येक पाळीत तपासा. टाके असतील तिथली लीड सरकवायची, सोबत दुसऱ्या बाजूची जोडीदार लीडही तेवढीच सरकवायची, आणि हे लिहून ठेवायचं.

तासातासाच्या ट्रेंड आलेखावर (लाटांचा आवळलेला सारांश) एकट्यावर भिस्त ठेवू नका. थोडकाच वेळ टिकलेला किंवा मेंदूच्या लहानशा भागातला झटका त्यात बुडून जातो. शंका आली की मूळ लाटा उघडा.

एक गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते: नोंद करायचं बटण आईवडिलांना दाखवायची. बाळाची नेहमीची हालचाल त्यांना ठाऊक असते. "हे रोजच्यासारखं नाही," असं आई म्हणाली, तर तिचेच शब्द वेळेसकट लिहून घ्या.