पांढरी चादर, एक दिवा आणि पतंग

भारतात फुलपाखरांच्या १,३०० च्या वर जाती आहेत, पतंगांच्या १०,००० हून अधिक. तरी दिव्यावर आलेला पतंग आपण फडक्याने हाकलतो. त्यातले बहुतेक रात्रीच उडतात, म्हणून शोधत फिरण्यापेक्षा त्यांना बोलावून घ्यावं.

सामान फार नाही: पांढरी सुती डबल चादर, सुतळी, कपड्यांचे चिमटे आणि दिवा. चोक न लागणारा १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब सर्वांत जास्त पतंग ओढतो. पण तो इतका तापतो की पावसाचा थेंब पडला तरी काच तडकते; पावसाचं चिन्ह असेल तर चादर-दिवा पडवीतच लावा. वीज नसेल तिथे पॉवरबँकेवर चालणारी अतिनील एलईडी पट्टी घ्या, ३६५ ते ३९५ नॅनोमीटरची. तिच्याकडे टक लावून बघू नका. घरातला पिवळसर एलईडी इथे जवळपास निकामी, कारण त्यात अतिनील प्रकाश नसतोच.

चादर झाडीच्या कडेला ताणून बांधा आणि खालची हातभर कड जमिनीवर पसरा. पुष्कळ पतंग तिथेच उतरतात आणि नेमके पायाखाली जातात. दिवा चादरीपासून फूटभर पुढे, छातीच्या उंचीवर. रस्त्यावरचा खांब दिसत असेल तर जागा बदला.

रात्र निवडणं निम्मं काम. अमावास्येच्या आसपासची, ढगाळ, उकाड्याची, वारा पडलेली रात्र हवी. पौर्णिमेला चादर ओस पडते. पहिल्या पावसाच्या संध्याकाळी तर पंखवाल्या वाळवीचा असा लोंढा येतो की दिवा बंदच करावा. श्रावणातली उघडीप उत्तम. आणि नऊ वाजता गाशा गुंडाळू नका, मोठे रेशीमपतंग बरेचदा मध्यरात्रीनंतर येतात.

ॲटलास हा भला मोठा रेशीमपतंग आला तर सगळे त्याच्याभोवती जमतील. जमू द्या. आपण भिंग घेऊन कोपऱ्यातल्या बोटाच्या पेराएवढ्या तपकिरी पतंगाकडे वळावं. मिशा बघा: फुलपाखराच्या मिशीला टोकाशी गाठ असते, पतंगाची मिशी बहुधा दोऱ्यासारखी किंवा कंगव्यासारखी. अरुंद पंख आडवे ताणून इंग्रजी टी अक्षरासारखा बसलेला दिसला तर तो पिसारी पतंग. त्याचीच एक जात तुरीच्या शेंगा पोखरते. घाटे अळी, बोंडअळी शेतकऱ्याला पाठ असतात, त्यांचे पतंग मात्र ओळखता येत नाहीत. ते इथे चादरीवर भेटतात.

फोटो वरून, पंखांना समांतर धरून काढा, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. फ्लॅश समोरून मारलात तर पंखांवरचे खवले चमकतात आणि नक्षी पुसट होते; उजेड बाजूने द्या.

कानात कापूस घाला, बारके भुंगेरे शिरतात. अंगावर बसलेला लाल-काळा लांबट किडा चिरडू नका, फुंकरीने उडवा. त्याच्या रसाने दुसऱ्या दिवशी कातडीवर भाजल्यासारखे चट्टे उठतात. अभयारण्यात वनखात्याची परवानगी आधी काढा.

दिवा पहाटेच्या तासभर आधी बंद करा आणि चादर झुडपात हलकेच झटका. उजाडेपर्यंत ती तशीच टांगून ठेवली तर कोतवाल पक्षी येतात आणि खाली नुसते पंख उरतात.