जुनी शिक्षा आहे आणि गावच्या शाळेत मदतीला जायचंय : तयारीची यादी

सगळ्यात आधी कोर्टाच्या निकालाची नक्कल. गावात सरसकट ‘त्याच्यावर केस झाली होती’ एवढंच बोललं जातं, पण गुन्हा दाखल होणं, निर्दोष सुटणं, लोकअदालतीत मिटणं आणि शिक्षा होणं या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पंधरा वर्षांनी माणसाला स्वतःलाही यातलं नेमकं काय झालं ते आठवत नाही. खटला ज्या कोर्टात चालला तिथल्या नक्कल विभागात अर्ज करा. केस नंबर हरवला असेल तर जुन्या वकिलाला विचारा, नाहीतर ई-कोर्टच्या साइटवर नावानं शोधा. फार जुन्या केसेस तिथे सापडतीलच असं नाही. विदर्भात शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात म्हणून निवांत राहू नका. मे महिन्यात कोर्टाची उन्हाळी सुट्टी आडवी येते, तेव्हा हे काम एप्रिलमध्येच उरकलेलं बरं.

नक्कल हातात आली की शेवटचं पान नीट वाचा. कलम कोणतं, शिक्षा किती, दंड किती, हे तर बघाच. पण न्यायाधीशांनी ‘गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम, १९५८’ खाली समज देऊन किंवा चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर सोडलं होतं का, ते मुद्दाम शोधा. तसं असेल तर त्याच कायद्याचं कलम १२ सांगतं की त्या दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता चिकटत नाही. गुन्ह्याच्या वेळी वय अठराच्या आत असेल तर बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम २४ असंच संरक्षण देतं. मात्र सोळा ओलांडलेल्या आणि मोठ्यांसारखा खटला चाललेल्या मुलांना ते लागू नाही. वाचून कळत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० या कायदेशीर मदतीच्या नंबरवर फोन करा. नकलेसोबत दंडाची पावती, आणि अपील केलं असेल तर त्याचाही निकाल ठेवा. झेरॉक्स द्यायची, मूळ प्रत कोणाकडेही सोडायची नाही.

आता गुन्हा कोणता, यावर स्पष्टच लिहितो. लहान मुलांविरुद्धचा किंवा लैंगिक अत्याचाराचा असेल तर ही यादी तुमच्यासाठी नाही, मग त्याला कितीही वर्षं होऊन गेलेली असोत. आमच्याकडच्या जुन्या शिक्षा बहुतेक धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) भांडणाच्या, जुगाराच्या, नाहीतर दारूच्या. वर्धा आणि गडचिरोली दारूबंदीचे जिल्हे. चंद्रपुरात २०१५ ते २०२१ बंदी होती. त्या काळात यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या दुकानातून रीतसर घेतलेली बाटली वर्धा नदी ओलांडून चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याकडे नेली की केस. असा सगळा संदर्भ बाहेरून बदलून आलेल्या मुख्याध्यापकांना ठाऊक असेलच असं नाही, म्हणून कलमाखाली काय घडलं ते साध्या भाषेत दोन ओळींत लिहून ठेवा. दोनच ओळी, कैफियत नको. (आणि दारू अजून सुटलेली नसेल तर आधी ती सोडा, शाळेचं पुढच्या वर्षी बघू.)

पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र ऑनलाइन अर्ज करून मिळतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी सक्तीची केली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरचं प्रकरण झाल्यापासून शाळा यात जास्तच काटेकोर झाल्या. नियमात शब्द कर्मचारी असा आहे, पण मुख्याध्यापक तुमच्याकडेही प्रमाणपत्र मागतील, आणि मागायलाच पाहिजे. त्यात अपमान मानू नका. ठाणेदारांकडे तुमची नोंद सापडेल म्हणून घाबरू नका, तशी ती सापडणार नाही या भरवशावरही राहू नका. कॉम्प्युटरमध्ये नसलं तरी पानठेल्यावर सगळ्यांच्या तोंडपाठ असतं.

फॉर्म भरताना प्रश्न शब्द न् शब्द वाचा. गुन्हा दाखल आहे का, खटला प्रलंबित आहे का, शिक्षा झाली आहे का, हे तीन प्रश्न आहेत. आपल्या देशात ठरावीक वर्षांनंतर दोषसिद्धी आपोआप पुसून टाकणारा सर्वसाधारण कायदा नाही. त्यामुळे ‘कधी शिक्षा झाली का’ याचं उत्तर वीस वर्षांनीही ‘होय’ असंच लिहायचं. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये नोकरीच्या संदर्भात म्हटलं, की माहिती खरीच दिली पाहिजे, आणि खरी दिली तरी उमेदवाराला घ्यायचं की नाही हे मालक ठरवू शकतो. शाळेच्या बाबतीतही हेच धरून चाला.

अर्ज देण्याआधी मुख्याध्यापकांना एकटं गाठा, शाळा सुटल्यावर, ऑफिसात. “मॅडम, मायावर २००९ साली धुऱ्याच्या भांडणात केस झाली होती, शिक्षाबी झाली. दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच तुमाले सांगतो. ही नक्कल, वाचून घ्या.” एवढं पुरे. समोरच्या पार्टीला शिव्या घालत बसू नका. बहुतेक जण इथेच घसरतात. ज्याच्या डोक्यात तुमची काठी बसली होती, त्याचा नातू आज तिसरीत असू शकतो. असेल तर तेही मॅडमला तेव्हाच सांगा. जमत असेल तर त्या घरी आधी जाऊन या, नसेल जमत तर त्या मुलाचा वर्ग मागू नका.

मग शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात पाऊण सदस्य पालक असतात, म्हणजे तुमचेच शेजारीपाजारी. होकार मिळाला तर तो ठराव म्हणून लिहून घ्यायला सांगा. सरपंच नुसते ‘या की भाऊ’ म्हणाले, तर त्यावर भागवू नका. ठरावात गुन्ह्याचा तपशील नको. काम कोणतं, दिवस कोणते आणि सोबत शिक्षक कोण, एवढं पुरतं.

कामाच्या मर्यादा तुम्हीच सुचवल्या तर समितीचं निम्मं ओझं उतरतं. एकट्या मुलासोबत थांबायचं नाही. खोलीचं दार उघडं ठेवायचं. कोणाला गाडीवर बसवून घरी सोडायचं नाही, घरी शिकवणीला बोलवायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. शिक्षा चोरीची किंवा अफरातफरीची असेल तर पोषण आहाराच्या तांदळाची किल्ली हातात घेऊ नका, कोणी आपणहून दिली तरी. एखाद्या पोरानं काही वाईट घडल्याचं सांगितलं तर ते दडपून ठेवणं कायद्यानं चालत नाही. मुख्याध्यापकांना लगेच सांगा, पोलिसांना किंवा १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला कळवा.

नकार आला तर वाद घालू नका, आमदाराची चिठ्ठी तर मुळीच आणू नका. मुलं नसतानाचं काम मागा. सुट्टीत परसबागेला कुंपण घालायचं असतं, पावसाळ्याआधी कौलं फेरायची असतात, आणि त्याला माणसं कमीच पडतात.